वालाचे दाणे

आम्ही चौघी बहिणी. मी तिसरी. लाखनीजवळच्या आमच्या गावात आईला नावानं ओळखणारे थोडेच होते. बाकीच्यांसाठी ती ‘चार पोरींची माय’. आजी याच्याही पुढे जायची. रोवणीच्या दिवसांत बायका बांधावर जेवायला बसल्या, की नव्यानं मजुरीला आलेल्या बाईलासुद्धा ती सांगायची, “हिच्या पोटी दगडच.” आई हातातला भाकरीचा तुकडा तसाच धरून समोरच्या बांधीतल्या पाण्याकडे पाहत राहायची. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. आईच्या हातून काहीतरी चुकलं आहे आणि त्या चुकीत मीही मोडते, एवढं मला तेव्हाच समजलं होतं.

1984 मध्ये मी बी.एस्सी.साठी नागपूरला गेले. दुसऱ्या वर्षी प्राणिशास्त्रात आनुवंशिकतेचा पाठ सुरू झाला. सरांनी फळ्यावर स्त्रीच्या पेशीतली गुणसूत्रं लिहिली, 44 आणि दोन एक्स. मग पुरुषाची, 44 आणि एक एक्स, एक वाय. तिथून खाली बाण काढले. स्त्रीबीजात नेहमी एक्सच जातो. पुरुषाच्या शुक्राणूंत निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. एक्सवाला पोचला तर मुलगी, वायवाला पोचला तर मुलगा. अवघ्या पाच मिनिटांचं काम. शेजारची मैत्रीण वहीत आकृती उतरवत होती. माझा पेन मात्र चालेना. पंधरा वर्षं बांधावर जे ऐकलं होतं, ते या पाच मिनिटांत खोटं ठरलं होतं.

हे कोणी शोधलं, ते मी ग्रंथालयात जाऊन वाचलं. नेटी स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकन बाईंनी 1905 मध्ये पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रं होती, नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान. नराच्या निम्म्या शुक्राणूंत ते लहान गुणसूत्र जातं आणि त्यातूनच नर जन्मतात, असं त्यांनी दाखवून दिलं. एडमंड विल्सन यांनीही त्याच वर्षी दुसऱ्या कीटकांवर काम करून हीच गोष्ट मांडली. पिठातला किडा आमच्या घरी रोजचा होता. आजी सुपानं पाखडताना तो वेचून फेकायची. ज्या प्रश्नावरून ती आईला बोलायची, त्याचं उत्तर तिच्याच सुपात होतं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आईला कसं सांगावं, याचा विचार मी वाटेतच करून ठेवला होता. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. एक्स आणि वाय तिच्या काय उपयोगाचे? रात्री जेवणं झाल्यावर मी मडक्यातून वालाचे दाणे काढले, मोजून वीस पांढरे आणि वीस तांबूस, आणि एका गाडग्यात टाकले.

“माय, हे बाबांकडचे. तुह्याकडे सारे एकाच रंगाचे आहेत, तू दुसरं काही देऊच शकत नाहीस. आता डोळे मिटून यातला एक काढ. पांढरा निघाला तर पोरगी, तांबडा निघाला तर पोरगा. पाहून झाला की परत टाक.”

आईनं काढला. तांबडा. परत टाकला, गाडगं हलवलं, पुन्हा काढला. चार दाणे काढून झाले की एक घर झालं, असं आमचं ठरलं. चुलीतल्या कोळशानं ती भिंतीवर खुणा करू लागली. पहिल्या घरात तीन तांबडे, एक पांढरा. दुसऱ्यात दोन-दोन. मी म्हटलं, चार लेकरांची सोळा घरं घेतली तर त्यांतल्या साधारण एका घरी चारही पोरीच येतात. तिला सोळाचं काही पडलं नव्हतं. तिला स्वतःच्या हातानं पाहायचं होतं. कंदील खाली घेऊन ती काढत राहिली. अकराव्या खेपेला एक, दोन, तीन, चारही पांढरे निघाले.

या खेपेचे दाणे तिनं परत टाकलेच नव्हते. तळहातावर घेऊन बसली.

“आलं,” ती म्हणाली. “हे आपलं घर.”

मग बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “मंग तुह्या बापाचा दोष होय का?” मी म्हटलं, बाबांचाही नाही. कोणता दाणा हाती लागावा, हे त्यांच्या हातात कुठं आहे? एक पोरगी झाली म्हणून पुढच्या वेळी पोरगा होईलच, असंही नाही. गाडग्याला मागचं काही आठवत नाही. तिनं पुढं विचारलं, “कोंबडीचं बी असंच का?” मला हसू आलं, पण प्रश्न चांगला होता. कोंबडीत उलटं असतं. तिथं नराकडे एकाच जातीची गुणसूत्रं आणि मादीकडे दोन जातींची, त्यामुळे पिल्लू नर की मादी, हे कोंबडीच्या अंड्यावर ठरतं. “मंग आजीले सांग,” आई म्हणाली, “मी कोंबडी नाही.”

बाबा ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. तेव्हा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी भाऊबीजेला आत्या आल्या आणि आजीनं नेहमीचं सुरू केलं, तेव्हा ते ताटावरून मान न उचलता म्हणाले, “माय, ते माह्याकडून होते.” एवढंच. त्यानंतर आजी त्यांच्यासमोर तरी कधी बोलली नाही.

1989 मध्ये मी पवनीकडच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून लागले. एक्स-वायचा पाठ दर वर्षी माझ्या वाट्याला यायचा आणि दर वर्षी मी गाडगं आणि वालाचे दाणे घेऊन वर्गात जायची. मुलांना सांगायची, घरी जाऊन आजीला दाखवा. माझी नोकरी लागण्याच्या आदल्याच वर्षी, 1988 मध्ये, गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं होतं. पुढे 1994 मध्ये केंद्राचा कायदा झाला.

आमचा भाग या बाबतीत बराच सावरलेला. 2011 च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 950 मुली होत्या. साऱ्या महाराष्ट्रात 894, आणि बीडमध्ये 807. माणसात निसर्गतःच मुलगे किंचित जास्त जन्मतात, शंभर मुलींमागे साधारण 105. म्हणजे कोणी हात घातला नाही, तर हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली निघायला हव्यात. आमच्याकडे बहुतेकांनी गाडग्यात हात घातला नव्हता, असा याचा अर्थ. पोरी जगत होत्या. मात्र त्यांच्या आयांना ऐकून घ्यावं लागत होतं, आणि माझी लढाई त्या बोलण्याशी होती.

त्या लढाईच्या भरात माझ्याकडून एक चूक झाली. ती सांगावी म्हणूनच हे लिहायला घेतलं.

पाठाच्या शेवटी मी फळ्यावर दोन ओळी लिहीत असे. ‘प्रत्येक मुलगी 44 + एक्स एक्स. प्रत्येक मुलगा 44 + एक्स वाय. यात बदल नाही.’ ‘यात बदल नाही’ हे शब्द पुस्तकात नव्हते, माझे होते. मुलांच्या मनात पक्कं बसावं, परीक्षेत चुकू नये, घरी जाऊन ठामपणे सांगता यावं म्हणून मी ते घातले होते. टर्नर, क्लाइनफेल्टर ही एक्स-वाय कमी-जास्त असण्याच्या प्रकारांची नावं मी स्वतः कॉलेजात वाचली होती. पण ती मोठ्या दवाखान्यांतली गोष्ट, आपल्या वर्गाशी तिचा संबंध नाही, असं मी धरून चालले होते.

2004 च्या दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या बाकावर बसायची, कारण मागून तिला फळा दिसत नसे. अभ्यासात बरी, अक्षर सुंदर, पाठांतर चोख. मैत्रिणी वाढल्या, ती तेवढीच राहिली. बाकीच्या मुली महिन्यातून एखादा दिवस पोट धरून बसायच्या, ही कधीच नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं आणि मी ते सोडून दिलं होतं. ‘येईल उशिरा,’ असं तिच्या आईला एकदा म्हणालेही होते.

दोन वर्षांनी, बारावीची परीक्षा झाल्यावर, ती एकटीच माझ्या घरी आली. नागपूरच्या एका दवाखान्यात तिची रक्ततपासणी झाली होती. अहवालावर 45, एक्स असं लिहिलेलं, म्हणजे टर्नर. तपासणाऱ्यांनी तिच्या वडिलांना बाहेर बोलावून ‘हिला मूल होणार नाही’ एवढं सांगितलं होतं. तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं. तिनं अहवालाशेजारी तिची दहावीची विज्ञानाची वही ठेवली. माझ्या त्या दोन ओळी तिच्या सुंदर अक्षरात होत्या आणि खाली माझी लाल बरोबरची खूण.

“मॅडम, यातलं कोनतं खोडू?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून ते पाठ केलं होतं, आणि आता दोन खऱ्या गोष्टींपैकी एक खोटी निघाली होती.

मी लाल पेन आणला आणि माझी ओळ खोडली. मग तिला जवळ बसवून, मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. तुझ्या पेशीत एक्स एकच आहे, म्हणून तू मुलगी नाहीस असं होत नाही. पोटातल्या बाळाचं शरीर पहिले सहा-सात आठवडे दोन्हींकडे जाऊ शकेल असंच असतं. वायवरच्या एका जनुकानं, एसआरवाय त्याचं नाव, वेळेवर खूण दिली तर वृषण तयार होऊ लागतात. ते जनुक 1990 मध्ये लंडनच्या संशोधकांनी शोधलं. ती खूण मिळाली नाही तर शरीर मुलीच्या वाटेनं जातं. तुझं शरीर त्याच वाटेनं गेलं. फक्त दुसरा एक्स नसल्यामुळे बीजकोश टिकले नाहीत आणि उंची कमी राहिली. अडीच हजार मुलींमागे साधारण एक अशी जन्मते. बुद्धीला काही होत नाही, ते तर तुझे मार्कच सांगतात.

मग मी नागपूरच्या एका जुन्या वर्गमित्राला फोन केला. तो डॉक्टर झाला होता. आपण आणखी काय गमावलं, ते त्याच्याकडून समजलं. अशा मुलींचं हृदय आणि मूत्रपिंड तपासावं लागतं, थायरॉइड पाहावं लागतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत आणि शरीराची वाढ व्हावी म्हणून योग्य वयात स्त्री-संप्रेरकं सुरू करावी लागतात. वाढीची इंजेक्शनं लहानपणी सुरू केली तर उंचीला फायदा होतो. तिच्या वयाला त्यातून फारसं काही मिळणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी आरोग्य तपासणीचं रजिस्टर काढलं. आठवी, 131 सेंटिमीटर. नववी, 133. दहावी, 135. तिन्ही आकडे माझ्याच हातचे. दर वर्षी मी तिला भिंतीला टेकवून उभं केलं होतं, आकडा लिहिला होता आणि मागच्या वर्षीचं पान कधी उलटून पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी मी गावी गेले आणि आईला हे सगळं सांगितलं. आई आता थकली होती, पण गाडगं तिला आठवत होतं. तिनं आधी मुलीबद्दल विचारलंच नाही.

“तिच्या मायले बोलत असतील ना सारे?”

बोलत होते. मुलीची आजी म्हणत होती, हिच्या पोटचं अपुरंच निघालं. आई थोडा वेळ गप्प राहिली. “एक राहिला म्हनतेस. राहिला तो कोनाचा?”

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. पुस्तकं काढून पाहिलं. एकच एक्स असलेल्या बहुतेक मुलींत, साधारण दर चारपैकी तिघींत, उरलेला एक्स आईकडून आलेला असतो. हरवतो तो वडिलांकडचा, शुक्राणू घडताना किंवा गर्भ धरल्यावर पेशींची वाटणी होताना. हे घराण्यातून येत नाही, कोणाच्या खाण्यापिण्यानं किंवा वागण्यानं होत नाही. असे बहुतेक गर्भ तर पोटातच पडून जातात. जन्माला येते ती मुलगी मोठ्या चिवटपणानं आलेली असते.

पुढच्या आठवड्यात आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “मंग इथं काहाले बसलीस? जा, तिच्या मायले सांगून ये.”

मी गेले. ती बाई अंगणात धान वाळवत होती. मला पाहून तिनं पदर सावरला आणि आधीच बोलून मोकळी झाली, “बाई, माह्याच नशिबात होतं.” मी तिच्यासमोर खाली बसले. सोबत वालाचे दाणे नेले होते, पण या वेळी मोजणी नव्हती. एक पांढरा दाणा तिच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, हा तुमचा. तुम्ही द्यायचा तो दिला असणार. तपासल्याशिवाय शंभर टक्के सांगता येत नाही, पण अशा मुलींत बहुतेकदा आईचाच टिकतो आणि त्याच एकावर त्या अख्ख्या जगतात. ती काही बोलली नाही. मुलगी दारात उभी होती. आईनं तिला हाक मारली, जवळ बसवलं आणि तो दाणा तिच्या हातात दिला.

त्यानंतर मी थांबले नाही, वाचत राहिले. जगाला हे कळूनही फार काळ झालेला नव्हता. माणसाची गुणसूत्रं 46 आहेत हे 1956 मध्ये नक्की झालं. 1959 मध्ये चार्ल्स फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टर्नरच्या मुलीत एकच एक्स सापडला. त्याच वर्षी पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांना क्लाइनफेल्टरच्या पुरुषात दोन एक्स आणि एक वाय सापडले. असा पुरुष पाचशे ते हजारांत एक असतो. बहुतेकांना स्वतःलाच ते माहीत नसतं. लग्न होतं, मूल होत नाही, आणि वांझ ठरते त्याची बायको. बांधावरचंच बोलणं, फक्त बोलणाऱ्यांची जागा बदललेली.

आणखीही वाटा आहेत. कोणाला एक्स-वाय दोन्ही असतात, पण शरीर पुरुषी संप्रेरकाला प्रतिसादच देत नाही. अशी व्यक्ती मुलगी म्हणून जन्मते, मुलगी म्हणून वाढते आणि बहुतेकदा पाळी आली नाही तेव्हाच कळतं. कोणाला दोन एक्स असतात, पण मूत्रपिंडावरच्या ग्रंथी पुरुषी संप्रेरक जास्त बनवतात, म्हणून जन्मतः मुलगा की मुलगी, हे दायांना सांगता येत नाही. हा प्रकार मात्र खरोखर वारशानं येतो. आई आणि वडील दोघांकडूनही एकेक सदोष जनुक यावं लागतं, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला चारात एक एवढी शक्यता असते. त्यातल्या काही बाळांच्या अंगातलं मीठ पहिल्या काही आठवड्यांतच इतकं घटतं, की वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर बाळ दगावतं. तिथं कुजबुज करत बसणं म्हणजे बाळाचा जीव घालवणं.

2018 मध्ये बीडच्या पोलीस कॉन्स्टेबल ललिता साळवे यांची बातमी घरोघरी पोचली. जन्मापासून मुलगी म्हणून नोंद, पोलिसात महिला म्हणून भरती, आणि तपासणीत वाय गुणसूत्र. 2017 मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, बऱ्याच खटपटीनंतर परवानगी मिळाली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे म्हणून ते पुन्हा पोलिसात रुजू झाले. माझ्या वर्गातली मुलं वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आली. ‘मॅडम, असं होते का?’ एक वर्ष आधीच नववीच्या नव्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हा पाठ आला होता, त्यात टर्नर आणि क्लाइनफेल्टर दोन्ही होते. मी मुलांना शाळेमागच्या पपईकडे नेलं. पपईत नर झाड असतं, मादी झाड असतं आणि दोन्ही एकत्र असलेलं झाडही असतं. आपण बाजारातून आणतो ती लांबट पपई बहुतेकदा त्या तिसऱ्या झाडाची. हे सांगताना कोणी हसलं नाही. खेड्यातल्या मुलांना झाड समजतं.

माझी फळ्यावरची ओळ तेव्हा बदललेली होती. ‘बहुतेक मुली एक्स एक्स, बहुतेक मुलगे एक्स वाय.’ मुलं विचारायची, बहुतेक का? मग पुढचा अर्धा तास त्या ‘बहुतेक’वर जायचा. माझ्या साऱ्या नोकरीतला सर्वांत कामाचा अर्धा तास तो होता.

ती मुलगी आता तुमसरला एका तांदूळ गिरणीत हिशेब लिहिते. गोळ्या नियमित घेते, दर वर्षी हृदयाची तपासणी करून घेते आणि दवाखान्यातून निघाल्यावर मला फोन करते. आई 2016 मध्ये गेली. भिंतीवरच्या कोळशाच्या खुणा त्याआधीच सारवणात गेल्या होत्या.

2024 च्या जूनमध्ये मी निवृत्त झाले. माझ्या जागी आलेल्या तरुण शिक्षिकेला मी आरोग्य तपासणीचं रजिस्टर दिलं आणि त्यातली दोन घरं दाखवली. एकात या वर्षीची उंची, शेजारच्यात मागच्या वर्षीची. 2006 नंतर ते दुसरं घर मी स्वतः आखून घेतलं होतं. त्यामुळे इतक्या वर्षांत चार मुलींना वेळेवर तपासणीला पाठवता आलं. एकीचं थायरॉइड निघालं आणि गोळ्यांनी ती वाढली. दोघी आईबापांसारख्याच बुटक्या होत्या, बाकी ठणठणीत. चौथी टर्नरची. ती तेव्हा अकरा वर्षांची होती.

“पट्टी भिंतीला लावताना खालचा कोपरा नीट टेकवा,” मी त्या शिक्षिकेला सांगितलं. “आणि आकडा लिहिण्याआधी मागचं पान उलटून पाहा.”